रोहिणीतलं रान: रतनवाडी, साम्रद, घाटघर

भंडारदऱ्याला माणसं येतात ती ऑगस्टात धबधब्यांसाठी, सप्टेंबरात सोनकीसाठी आणि मेच्या शेवटी काजव्यांसाठी. काजव्यांची मंडळी रात्री आठला येतात आणि दहाला जेवणावर तुटून पडतात. त्याच रानात दिवसभर काय चाललेलं असतं ते बघायला सहसा कुणी थांबत नाही. ऊन मी म्हणत असतं, डोंगर करपलेले दिसतात. मला मात्र हा काळ फार आवडतो. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मृग. मधल्या पंधरवड्यात पाऊस आलेला नसतो, पण किड्यांना आणि झाडांना त्याची खबर लागलेली असते. ओळखीचे बरेचसे फोटोग्राफर या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवून ढगांची वाट बघतात. बघोत बापडे.

यंदा बरोबर भाचा होता. अकरावीत गेलाय. हातात फक्त मोबाइल, आणि मामाचा कॅमेरा म्हणजे जुनाट प्रकरण अशी ठाम समजूत. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून आठवड्याच्या मध्यावरच निघालो.

बुधवार

नाशिकहून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. वाटेत बहावा फुललेला होता, पण हमरस्त्याकडेच्या बहाव्याचा फोटो काढायचा तर मागे विजेच्या तारा, टपऱ्या आणि प्रचाराचे फलक येतातच, म्हणून गाडी थांबवली नाही. भंडारदऱ्याचं धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची सुमारे ८२ मीटर. मेअखेरीस पाणी इतकं खाली जातं की काठाकाठाने भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पोस्टकार्डावर हे धरण कधी असं दिसत नाही.

अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला पोचलो. उतरलो ते एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी. अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "उन्हाचं कुठं जाऊ नका, पडवीतच बसा."

पडवीतच काम मिळालं. वळचणीखाली जिथे पावसाचा थेंब पडत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे होते, बोटभर रुंद. हे अँटलायन नावाच्या किड्याच्या अळीचं घर. अळी तळाशी मातीत दडून बसते, फक्त वाकडे जबडे वर. मुंगी काठावरून घसरली की अळी डोक्याने माती उडवते आणि त्या माऱ्याने काठ आणखी ढासळतो. मुंगी जितकी धडपडते तितकी खाली येते. पंख फुटल्यावर हाच किडा टाचणीसारखा, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदासारखा दिसतो, पण मिशा गाठाळ असतात आणि तो रात्री दिव्यावर येतो.

असा फोटो वरून काढला तर नुसता एक गोल दिसतो, खोली कळत नाही. म्हणून पोटावर झोपलो, कॅमेरा जमिनीला टेकवला आणि भाच्याला टॉर्च आडवी धरायला सांगितली, खड्ड्याची एक बाजू अंधारात राहील अशी. आडव्या उजेडात मातीचा कण न् कण उठून दिसायला लागला. मॅक्रो लेन्सने किडा त्याच्या खऱ्या आकाराएवढा सेन्सरवर घेतला की लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ-११ वरसुद्धा जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. जबडा धारदार आला तर डोकं पुसट. यावर उपाय म्हणजे फोकस केसाएवढा सरकवत एकामागून एक फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या. पण त्यासाठी विषय निश्चल हवा. अळी तासन्‌तास निश्चल असते, त्यामुळे बारा फ्रेम बिनघोर झाल्या. तेराव्या वेळी मुंगी पडली.

ते पडणं भाच्याने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं. माती उडताना दिसते, मुंगी मागे फेकली जाते, पुन्हा चढते. माझ्या जोडलेल्या फोटोत जबड्यावरचे केस मोजता येतात, पण घडत काहीच नाही. त्याच्या व्हिडिओत केस दिसत नाहीत, सगळं घडतं. हा वाद मग घरी येईपर्यंत चालला.

संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. रतनगडाच्या पायथ्याचं हे शिलाहारकालीन मानलं जाणारं देऊळ. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं आकाश गर्द निळं होतं आणि दगड अजून दिसत असतो, तेवढ्यात शिखराचे फोटो घेतले. रात्री कॅमेरा घरीच ठेवून काजव्यांची झाडं हेरून ठेवली. ज्यांना एकाच रात्रीत फोटो हवा असतो ते अंधारात टॉर्च मारत झाड शोधतात आणि ज्याच्यासाठी आले तेच विझवून टाकतात.

गुरुवार

सकाळी ओढ्याकडे. ओढा म्हणजे या दिवसांत दोन-चार डबकी आणि त्यांच्या कडेची ओली माती. नऊच्या पुढे ऊन चढलं की फुलपाखरं त्या ओलीवर उतरतात. हे पाणी पिणं तहानेपोटी नसतं. त्यांना मातीतले क्षार हवे असतात, मुख्यतः सोडियम, आणि उतरणारे बहुतेक नर असतात. मीलनाच्या वेळी हे क्षार मादीकडे जातात, तिथून अंड्यांत. पिवळट कॉमन इमिग्रंटांचा घोळका बसला होता आणि त्यांच्यात दोन राणी पाकोळ्या. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. २०१५ साली राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. काळ्या पंखांवरचा तो निळा पट्टा उन्हात असा काही चमकतो की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर हमखास गडबडतं. काळा रंग जास्त म्हणून ते फोटो उजळ करायला बघतं आणि निळा पांढुरका पडतो. उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी केला की निळा निळा राहतो.

फुलपाखरांजवळ उभ्याने जाता येत नाही. सावली पडली की थवा उडालाच. सूर्य समोर ठेवून ढोपरं-कोपरांवर सरपटत गेलो, दर दोन हातांवर थांबत. पहिल्यांदा उडाली, मग आपण हललो नाही तर पुन्हा तिथेच उतरतात. पंख मिटलेले असताना मागून येणाऱ्या उन्हात शिरा दिसतात, ते फोटो शांतपणे झाले. उडतानाचा हवा होता, म्हणून फोकस ओलीवर कायम करून ठेवला, शटर १/३२०० आणि भाच्याला म्हटलं, "आता उभा राहा." तो उभा राहिला. सगळा घोळका हवेत. वीसेक फ्रेम वाया, एक मिळाली: वर राणी पाकोळी, खाली पिवळ्या पंखांची उधळण, आणि मध्ये भाच्याची चप्पल. चप्पल कापून टाकली.

फुलांचं म्हणाल तर या दिवसांत ती जमिनीवर नसतात, झाडांवर असतात. कुडा पांढऱ्या झुबक्यांनी भरलेला. त्याचं फूल एरवी साधं, पण उन्हाच्या विरुद्ध बाजूने आणि मागे सावलीतला कडा ठेवून बघितलं तर पाकळ्या उजेडाने भरून जातात. दुपारी एका जुन्या आंब्याच्या खोडावर, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाबांनी सीतेची वेणी दाखवली. हे ऑर्किड मे-जूनमध्ये फुलतं. हातभर लांबीचा घोस खाली लोंबतो आणि त्यावर शंभरच्या आसपास बारकी फुलं, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. आसामात हेच फूल कोपौ म्हणून बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. आमच्याकडे सीता आणि तिकडे बिहू, वेणी दोन्हीकडे.

फूल होतं दोन पुरुष उंचीवर. झाडावर चढून घोस हाताने वळवून फोटो काढणारे महाभाग मी पाहिलेत. ऑर्किडची मुळं सालीला नुसती चिकटलेली असतात, एकदा सुटली की संपलं. मी ३०० मिलिमीटरची लेन्स लावून खालूनच काढला. वारा होता. वाऱ्यात लोंबती गोष्ट थांबायची वाट बघत बसण्यापेक्षा शटर मुद्दाम अर्ध्या सेकंदावर नेलं. खोड स्थिर, घोस जांभळट धूसर. तो फोटो मला त्या फुलाच्या बाकी फोटोंपेक्षा जास्त आवडतो, भाच्याला अजिबात नाही.

रात्री काजवे. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात.

सातच्या सुमारास, उजेड असतानाच, हेरलेल्या सादड्याच्या झाडासमोर ट्रायपॉड लावला. झाडाच्या बुंध्याशी जायचं नाही. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात बसलेल्या असतात आणि त्या आपल्या बुटाखाली येतात. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्यात जातो. तिथे ती गोगलगाई खाते. पंखवाला काजवा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा सोबती. उजेडातच फोकस लावला आणि लेन्सची रिंग टेपने चिकटवून टाकली, अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडतो. निळ्या उजेडात झाडाची एक फ्रेम घेऊन ठेवली. मग कॅमेऱ्याचा स्क्रीन बंद, मागच्या लाल दिव्यावर काळी टेप, फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा बंद, ट्रायपॉडवर आहे म्हणून स्टॅबिलायझर बंद, आणि लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद. हे शेवटचं चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा थांबून राहतो आणि निम्मे काजवे हुकतात. छिद्र मोठं, एफ-२, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६००, तीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक.

पावणेआठला पहिला ठिपका दिसला. साडेआठला सगळं झाड पेटलं. काजव्याच्या पोटाखाली ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उजेड पडतो, जवळजवळ उष्णतेशिवाय. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. प्रत्यक्षात हादरवते ती त्यांची लय. एका फांदीवर लुकलुक सुरू होते, शेजारची फांदी उचलते, आणि बघता बघता हजारो नर एकाच ठेक्यात उजळतात आणि विझतात. विझल्यावर झाड संपूर्ण काळं होतं. मग पुन्हा.

घरी येऊन त्यातल्या साठ फ्रेम 'लाइटन' पद्धतीने एकत्र केल्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ बिंदू तेवढा ठेवला. झाड सोन्याच्या ठिपक्यांनी लगडलेलं. भाच्याने बघितलं आणि म्हणाला, "मामा, पण हे असं दिसलंच नव्हतं."

खरंच नव्हतं. त्या फोटोत अर्धा तास आहे. एका क्षणी जितके काजवे दिसतात त्याच्या कैक पटींनी ठिपके त्यात आहेत, आणि जी गोष्ट खरी थक्क करणारी, ती सगळं झाड एकदम विझणं, ती त्यात औषधालाही नाही. लोक असे फोटो बघून येतात आणि झाडासमोर उभं राहून "एवढेच?" म्हणतात. म्हणून मी आता अशा फोटोखाली किती फ्रेम, किती मिनिटं ते लिहितो. लय दाखवायची तर व्हिडिओच हवा, आयएसओ भरपूर वाढवून, कितीही रवाळ आला तरी. मी तोही घेतला. दाणेदार, हिरवट, बघायला गरीब. पण त्यात झाड विझतं.

शुक्रवार

साम्रद. इथली सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली खोल, चिंचोळी भेग. फोटोग्राफर मंडळी नेहमी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा म्हणतात, पण इथे उलटं आहे. या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, त्यामुळे मेअखेरीला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर असतो. एरवी फोटोच्या दृष्टीने ही वेळ मेलेली. सांदणच्या तळाशी मात्र याच वेळी ऊन पोचतं. वरच्या कातळाची धार भगभगीत पांढरी आणि खाली काळोख, दोन्ही एका फ्रेममध्ये मावत नाही म्हणून तीन वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम घेऊन जोडल्या. ऊन तळाशी टिकलं थोडाच वेळ.

तोंडाशी डबकी शिल्लक होती, तिथे किरमिजी रंगाचा चतुर, ट्रायथेमिस ऑरोरा. चतुर पकडायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या मागे न धावणं. तो काडीवरून उडतो, फेरी मारतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परततो. काडीवर फोकस लावून बसलो. उन्हाच्या तडाख्यात तो शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतो, जवळपास शीर्षासनच. त्यामुळे अंगावर कमीत कमी ऊन पडतं आणि शरीर तापत नाही. फ्लॅशवर पॅकिंगमधला पांढरा फोम गुंडाळून उजेड मऊ केला, नाहीतर त्याच्या डोळ्यांवर पांढरे डाग येतात.

परतताना सिकाडांनी कान किटवले. आवाज सगळीकडून, दिसत एकही नाही. खोडांवर त्यांच्या काती मात्र चिकटलेल्या होत्या, पाठीवर चिरलेल्या, पायांची नखंही शाबूत. एका कातीच्या मागे टॉर्च धरली आणि ती मधाच्या रंगात उजळली. आतले पांढरे धागे श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातीबरोबर बाहेर येतं.

रात्री तारे घ्यायचे होते, ढग आले. झोपलो.

शनिवार

पहाटे घाटघरच्या कोकणकड्यावर. मेमध्ये धुरकं इतकं असतं की खालचं कोकण दिसतच नाही, आणि म्हणून लोक रुंद लेन्सने राखाडी फोटो काढून परत जातात. लांब पल्ल्याची लेन्स लावली की हेच धुरकं कामाला येतं. अलंग, मदन, कुलंग हे गड एकामागे एक फिक्या होत जाणाऱ्या निळ्या थरांत दिसतात, तपशील गळून फक्त आकार उरतात. सूर्य वर आल्यावर दहा मिनिटांत सगळं सपाट झालं.

दुपारपासून गाड्या येऊ लागल्या. संध्याकाळी रतनवाडीच्या रस्त्यावर हेडलाइटांची रांग, कुणाच्या तरी गाडीत गाणी, गुरुवारच्या सादड्यावर हिरव्या लेझरचा ठिपका. झाड उजळत होतं, पण तुकड्यातुकड्यांत, ठेका काही जमत नव्हता. बाबा म्हणाले, "पाऊस लागला का काजवा गेला. आन् ही मान्संबी." आम्ही सामान उचलून शेंडीला मुक्कामाला आलो.

तिथे रात्री दहाला वळीव कोसळला. अर्ध्या तासाने थांबला आणि लॉजच्या ट्यूबलाइटवर वाळवीची पाखरं तुटून पडली. पहिल्या पावसानंतर वारुळांतून एकाच वेळी निघणारी ही पिढी. बहुतेक सगळी रात्रीत मरतात, उरतात ती पंख गाळून जोडीने नवं वारूळ वसवतात. भिंतीपाशी दोन बेडूक जेवायला बसलेच होते. शटर पाव सेकंदावर ठेवला आणि फ्लॅश शेवटी उडेल असा लावला. उजेडात प्रत्येक पाखराच्या मागे सोनेरी रेघ येते आणि रेघेच्या टोकाला पाखरू स्वच्छ. फ्लॅश आधी उडाला तर रेघ पाखराच्या पुढे येते आणि ते उलटं उडतंय असं वाटतं. या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता फोटो हा, लॉजच्या मोरीशेजारी काढलेला.

रविवार

परतताना बारीला चहासाठी थांबलो. रात्रीच्या पावसाने माती भिजली होती आणि बांधावर मृगाचे किडे निघाले होते, लालभडक, मखमली. नावाने किडा, पण पाय आठ, म्हणजे गोत्र कोळ्याचं. मी मॅक्रो लेन्स लावून खाली बसलो. भाच्याने मोबाइल उलटा धरला, म्हणजे वरची लेन्स अगदी जमिनीला टेकली, वाइड निवडली आणि किड्यापासून चार बोटांवर नेली. त्याच्या फ्रेममध्ये पुढे लाल किडा, मध्ये ओली ढेकळं आणि मागे अख्खं कळसूबाई, १,६४६ मीटर, ढगाची टोपी घातलेलं. माझ्या फ्रेममध्ये नुसती मखमल.

त्याच्या पहिल्या फोटोत लाल रंग इतका पेटला होता की किड्याच्या जागी सपाट डाग दिसत होता. मोबाइलला गडद माती उजळ करायची असते, त्यात लाल उतू जातो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढायला मी सांगितलं, तेव्हा केस दिसले. फोटो घरच्या ग्रुपवर पडला आणि कौतुक सगळं भाच्याचं झालं. उजेड कमी करायला कुणी सांगितलं होतं ते इथे नोंदवून ठेवतो.